आमच्या सह्या परत करा

सेक्रेटरीसाहेब,

एरवी मी तुम्हाला तू म्हणते. रुळांच्या कडेला वस्ती होती तेव्हा माझ्या बालवाडीत तुम्ही दोन वर्षं बसलात, हाताला धरून मी तुम्हाला पाटीवर ‘ग’ काढायला शिकवला. पण हे पत्र जिन्याच्या तोंडाशी, लिफ्टच्या बाजूला आणि मीटरच्या खोलीच्या दारावर लागणार आहे. ते आपल्या इमारतीतल्या शहाण्णव घरांनी वाचायचं आहे आणि ते सेक्रेटरीच्या खुर्चीतल्या माणसाला आहे. म्हणून आज तुम्ही.

मागच्या सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताची प्रत मी तीन महिने मागत होते. सोसायटीचे कागद पाहण्याचा आणि नक्कल मागण्याचा हक्क सभासदाला सहकार कायद्याने दिलेला आहे. तुम्ही मला कधी झेरॉक्सवाला बंद आहे म्हणालात, कधी वही ऑडिटला गेली म्हणालात. शेवटी मी रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवला तेव्हा प्रत हातात आली. तिच्यात लिहिलं आहे की सभा संध्याकाळी ७ वाजता वेल्फेअर हॉलमध्ये झाली आणि ६१ सभासद हजर होते. विषय चौथा : मागच्या गल्लीतल्या ड्रेनेज लाइनची आणि चेंबरची दुरुस्ती, खर्च रुपये ३,८०,०००. ठराव सर्वानुमते मंजूर. सूचक म्हणून तुमच्या मेहुण्याचं नाव आणि अनुमोदक म्हणून माझं.

त्या संध्याकाळी ७ वाजता मी शताब्दी रुग्णालयात प्रसूती कक्षाबाहेरच्या बाकावर बसले होते. आत माझी सून होती. माझी नात ७ वाजून २० मिनिटांनी जन्मली, तशी वेळ कागदावर आहे. माझ्या आयुष्यातली ती संध्याकाळ कुठे गेली हे मला कुणी सांगायची गरज नाही. तुम्ही मात्र त्याच वेळी मला हॉलमध्ये उभं केलंत, माझा हात वर केलात आणि माझ्या तोंडून तीन लाख ऐंशी हजारांना होकार वदवलात.

सही माझीच आहे, हे मी नाकारत नाही. ती कुठून आली तेही मला आठवतं. पावसाळ्याच्या तोंडावर एका दुपारी वॉचमन हजेरीची वही घेऊन दारात आला. ‘आजी, सही करा, पाण्याचं आहे,’ म्हणाला. पान कोरं होतं, नुसते आकडे घातलेले होते. मी पाण्याचं म्हणजे टाकी धुण्याचं समजले आणि सही केली. समोरच्या बाईने केली, वरच्या मजल्यावरच्या इस्त्रीवाल्याने केली, सकाळी सहाला कामाला जाऊन रात्री येणाऱ्या मुलाच्या नावाने त्याच्या आईने केली. न वाचता सही करण्याची चूक आमची आहे, तिची लाज मला वाटते आणि ती मी इथे सगळ्यांसमोर कबूल करते. पण विश्वासाने दिलेल्या सहीच्या वर नंतर ठराव लिहिणं याला चूक म्हणत नाहीत. त्याला लबाडी म्हणतात.

आता त्या गल्लीबद्दल. आपली आणि मागची इमारत यांच्यात जेमतेम तीन मीटरचं अंतर आहे. तिथे ऊन येत नाही. जूनमध्ये चेंबर उलटतं, वरून खिडकीतल्या पिशव्या पडतात, आणि सप्टेंबर संपेपर्यंत तिथे काळं पाणी उभं राहतं. पोरं त्याला तलाव म्हणतात. माझ्या थोरल्या नातवाने दुसरीत असताना ‘माझे घर’ या निबंधात लिहिलं होतं, ‘माझ्या घराजवळ एक तलाव आहे.’ बाईंनी त्याच्यापुढे बरोबरची खूण केली. त्यांना वाटलं असेल, मूल चेंबूरच्या चरई तलावाबद्दल लिहितंय, जिथे आपण गणपती बुडवायला नेतो. ती वही मी अजून जपून ठेवली आहे. तळमजल्यावरची सहा घरं या तलावाच्या काठावर राहतात. तिथल्या दोन घरांत क्षयाची औषधं चालू आहेत. अशा चिकटून उभ्या पुनर्वसन इमारतींत, खालच्या मजल्यांवर, ऊन-वारा नसलेल्या घरांत क्षय जास्त फोफावतो, हे ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड आणि पीएमजी कॉलनीत केलेल्या अभ्यासातून २०१८ साली पुढे आलं. म्हणजे विषय चौथा हा आपल्या इमारतीत जगण्या-मरण्याचा विषय होता. सभा घेण्यासारखा विषय वर्षभरात एकच असेल, तर तो हाच होता.

तुम्ही काय केलंत? कंत्राटदार आणलात, दोन झाकणं बदललीत, एक फूट पाइप टाकलात, सिमेंट फासलंत. पंधराव्या दिवशी पाणी पुन्हा पायरीला लागलं.

चौथ्या मजल्यावर आपला एक सभासद राहतो, वीस वर्षं प्लंबिंगचं काम करतो. तुमचं काम संपल्यावर तो खाली उतरला, चेंबरमध्ये काठी घातली आणि दोन मिनिटांत म्हणाला, ‘उतारच उलटा आहे. मागच्या इमारतीची लाइन आपल्यात सोडलीय, झाकण सोन्याचं लावलं तरी पाणी चढणारच.’ तळमजल्यावरच्या तीन नंबरच्या बाईला हे त्याच्याही आधी माहीत होतं. मागच्या इमारतीत सकाळी धुणी सुरू झाली की तिच्या मोरीत फेस येतो. ती हे सात वर्षं बघते आहे, तिला कुणी विचारलं नाही. सभा झाली असती तर ही दोन माणसं बोलली असती. त्यातून कळलं असतं की काम आपल्या एकट्याचं नाही, मागच्या सोसायटीबरोबर बसून, महापालिकेच्या एम पूर्व विभागाच्या कार्यालयात दोघांनी मिळून अर्ज करायला हवा. तुम्ही आमचे पैसे वाया घालवलेत हे खरं. पण त्याआधी तुम्ही त्या दोघांचं बोलणं चोरलंत. माझी मोठी तक्रार ती आहे.

लोक येतच नाहीत, असं तुम्ही सगळीकडे सांगता. कोरम होत नाही, मग सेक्रेटरीने काय करायचं? याचं उत्तर उपविधींच्या पुस्तकात आहे. ते पुस्तक तुमच्या कपाटात आहे आणि आता माझ्याकडेही आहे. सर्वसाधारण सभेचा कोरम एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यांतला जो कमी असेल तो. शहाण्णव घरांच्या इमारतीत वीस माणसं. वीसही आली नाहीत तर सभा तहकूब करायची, नोटिशीत तसं आधी लिहिलं असेल तर अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरवायची, आणि मग जी माणसं हजर असतील तोच कोरम. सात असली तरी चालतात. चौदा दिवस आधी नोटीस लावली असती, खुर्च्या मांडल्या असत्या आणि आम्ही सात जण येऊन बसलो असतो, तरी तुमचा ठराव कायदेशीर झाला असता. खोट्या एकसष्ट सह्यांची तुम्हाला कधीच गरज नव्हती.

मग एकसष्ट सह्या कशासाठी? मी यावर बरेच दिवस विचार केला. तुम्हाला माणसांची कमतरता नव्हती. तुम्ही त्या सात जणांना घाबरलात. सातांमध्ये तीन नंबरची बाई असती, प्लंबर असता आणि दुसरं कोटेशन कुठे आहे हे विचारणारी मी असते. एकसष्ट सह्या कधी प्रश्न विचारत नाहीत, म्हणून तुम्ही माणसांऐवजी सह्या जमवल्यात.

तुम्ही ज्या वस्तीतून आलात तिथली थोडी आठवण करून देते, कारण तेव्हा तुम्ही लहान होतात. गोवंडी आणि मानखुर्दच्या मध्ये हार्बर मार्गाच्या कडेला आपल्या झोपड्या होत्या. लोकल गेली की भांडी हलायची. २००० सालच्या सुरुवातीला या मार्गावरच्या झोपड्या तोडल्या गेल्या तेव्हा लोक रुळांच्या कडेलाच बसून राहिले. पुढे मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पात पुनर्वसन झालं, त्याच्या आधीच पन्नास-पन्नास घरांच्या सोसायट्या वस्तीत बांधल्या जात होत्या. रेल्वे झोपडपट्टीवाल्यांची फेडरेशन आणि महिला मिलनच्या बायका घरोघर फिरून मोजणी करत होत्या. झोपड्यांवर नंबर आम्हीच घातले. कुणाचं घर यादीत आहे आणि कुणाचं नाही, यावर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसून भांडणं चालायची. सार्वजनिक नळापाशी बैठक बसायची, कारण सगळ्या बायका पाण्यासाठी तिथेच असायच्या. लिहिता येणारी चारच जणं होती, म्हणून ठराव मोठ्याने वाचला जायचा. एकदा वाचून कळला नाही तर दुसऱ्यांदा वाचायचा. ज्याला पटलं नाही तो तिथेच, सगळ्यांच्या तोंडावर, नाही म्हणायचा. मग अंगठा. अंगठा उठवण्याआधी माणसाला कागद कशाचा आहे हे माहीत असायचं. आता आपल्याकडे एकही अंगठेबहाद्दर नाही, सगळ्यांना सही येते, आणि कागद कशाचा आहे हे कुणालाच माहीत नसतं.

याच भागातला जोकिन अर्पुतम हा माणूस तुम्ही नावाने तरी ओळखता. भाभा अणुसंशोधन केंद्राजवळच्या जनता कॉलनीत राहणारा, १९७६ साली ती कॉलनी उठवून लोकांना चीता कॅम्पला नेलं त्यात होता, आणि २००० साली त्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच्या कामाची सुरुवात कचऱ्यापासून झाली. वस्तीतला कचरा उचलला जात नव्हता, तर त्याने पोरांना जमवून तो बांधून नेला आणि महापालिकेच्या कार्यालयापाशी टाकला. आपली पोरं आज त्याच कचऱ्याच्या पाण्याला तलाव म्हणतात.

इमारतीत आल्यावर काय बदललं? नळ घरात आला, त्याचं सुख मी नाकारणार नाही. हंडे वाहून माझ्या मानेचा मणका झिजला आहे. पण नळापाशी जमणं बंद झालं तेव्हा त्याच्या जागी दुसरं काही यायला हवं होतं. ती जागा नियमाने दिलेली आहे. पुनर्वसन इमारतीत वेल्फेअर हॉल, बालवाडी, सोसायटीचं ऑफिस असतं, ते याचसाठी. आपला वेल्फेअर हॉल तुम्ही तीन वर्षांपूर्वी एका शिलाईच्या कारखान्याला भाड्याने दिलात. तो ठराव कोणत्या सभेत झाला, तेही मी आता शोधणार आहे. आत दिवसभर मशिनी चालतात, दारावर कुलूप असतं, आणि इतिवृत्तात तुम्ही त्याच हॉलमध्ये एकसष्ट माणसं बसवता. हॉल दोनशे पंचवीस चौरस फुटांच्या घरापेक्षा फार मोठा नाही. मशिनी बाहेर काढल्याशिवाय तिथे दहा माणसं उभी राहत नाहीत.

समितीत दोन जागा बायकांसाठी राखीव आहेत. त्या भरलेल्या आहेत, एक तुमच्या पत्नीने आणि एक खजिनदारांच्या वहिनीने. दोघी भल्या आहेत, माझं त्यांच्याशी काही वाकडं नाही. समितीच्या बैठकीत काय ठरलं असं मी तुमच्या पत्नीला विचारलं, तर ती म्हणाली, ‘बाई, मला फक्त सही करायला सांगतात.’ तिचीही सही परत द्यायला हवी.

सभेची वेळ तुम्ही कागदावर संध्याकाळी सातची घालता. सातला आपल्याकडे पाणी येतं, तेव्हा बाई घर सोडून येऊ शकत नाही. सातला देवनारच्या कत्तलखान्यात आणि जरीच्या कारखान्यांत पाळी असते. लोक येत नाहीत हे अर्धं खरं आहे. ते येणार नाहीत अशीच वेळ धरलेली असते, हे उरलेलं अर्धं.

आपण छोटी माणसं, आपल्या सभेने काय होतंय, असंही तुम्ही एकदा जिन्यात मला म्हणालात. मुंबईने सहकारी घरांचा धडा १९१५ साली गिरवला, गावदेवीला सारस्वत मंडळींनी सोसायटी काढली तेव्हा, श्रीपाद सुब्राव तल्मकींच्या पुढाकाराने. एकमेकांसमोर बसून खर्च ठरवायचा ही रीत या शहरात शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि ती वाड्यांत राहणाऱ्यांसाठीच आहे असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. खऱ्या तलावाचंही उदाहरण देते. पवई तलावाच्या काठाने सायकल ट्रॅक बांधायला घेतला, लोकांना तो नको होता, काही जण न्यायालयात गेले, आणि मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तो ट्रॅक बेकायदेशीर ठरवून काढायला सांगितला. तुम्ही म्हणाल, पवईचे लोक शिकलेले, आयआयटीवाले. मग गोवंडीचं घ्या. रुग्णालयांचा कचरा जाळणाऱ्या प्रकल्पाच्या धुराविरुद्ध गोवंडी न्यू संगम वेल्फेअर सोसायटी उच्च न्यायालयात गेली, आणि तो प्रकल्प दोन वर्षांत खालापूरला हलवा, असा आदेश २०२३ मध्ये झाला. महापालिकेच्या २००९ च्या मानव विकास अहवालात आपला एम पूर्व विभाग सगळ्यांत खाली होता. १९२७ पासूनचं देवनार डंपिंग आपल्या उशाशी आहे, २०१६ च्या जानेवारीत ते पेटलं तेव्हा आठवडाभर पोरांना ओल्या फडक्यांतून श्वास घ्यायला लावला आपण. इथल्या माणसाला शहराने मोजलंच नाही, म्हणून त्याला एकच ताकद उरते : शेजाऱ्याबरोबर बसून ठरवलेली गोष्ट. तीच तुम्ही वहीत बंद करून कपाटात ठेवलीत.

आणि पैसे. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत घरटी २० हजार रुपयांची ठेव सोसायटीच्या देखभालीसाठी ठेवली गेली, ती गरिबाला लिफ्टचं आणि पंपाचं बिल परवडत नाही हे ओळखून. शहाण्णव घरांचे १९ लाख २० हजार होतात. आपल्या सोसायटीच्या नावावर अशी ठेव होती का, आज किती उरली आहे, व्याज कुठे जातं आणि झाकणांचे ३,८०,००० त्यातून गेले की मेंटेनन्समधून, हे मला माहीत नाही. माझ्या शेजाऱ्यांनाही माहीत नाही. चोरी झाली असं मी म्हणत नाही, कारण हिशोब पाहिल्याशिवाय तसं म्हणणं अन्याय होईल. हिशोब दाखवा, एवढंच म्हणते.

तुम्ही वाईट माणूस नाही. महामारीत ऑक्सिजनचं सिलिंडर खांद्यावर घालून पाच जिने चढताना मी तुम्हाला पाहिलं आहे. मेंटेनन्स थकवणारे लोक तुमच्या अंगावर धावून येतात, पगार नाही, रात्री बाराला पंप बंद पडला तर फोन तुम्हालाच येतो. हे सगळं खरं आहे आणि त्याबद्दल इमारत तुमची ऋणी आहे. पण केलेल्या कष्टांच्या बदल्यात आमच्या तोंडून बोलण्याचा हक्क तुम्हाला मिळत नाही.

उपविधी सांगतात की एक पंचमांश सभासदांनी सही करून लेखी मागणी दिली, तर ती मिळाल्यापासून एका महिन्यात विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. शहाण्णवचा पाचवा हिस्सा एकोणीसच्या थोडा वर, म्हणजे वीस जण. आम्ही सव्वीस जणांनी सही केली आहे. वही घेऊन कुणाच्या दारात गेलो नाही. मागच्या रविवारी सगळ्यांना खाली बोलावलं, गल्लीच्या तोंडाशी, पाण्याच्या काठावर. कागद मी मोठ्याने वाचला, तीन नंबरच्या बाईच्या सासूला ऐकू कमी येतं म्हणून पुन्हा वाचला. दोघांनी सही करायला नकार दिला आणि का ते सांगितलं, तेही आम्ही लिहून घेतलं आहे. विषय तीनच आहेत : इतिवृत्तातला चौथा ठराव रद्द करणं, ठेवीचा आणि हॉलच्या भाड्याचा हिशोब, आणि मागच्या सोसायटीबरोबर मिळून ड्रेनेजचा अर्ज.

मागणीपत्र तुम्ही काल संध्याकाळी घेतलंत, पोच दिलीत, सही तुमची आहे. सभा रविवारी सकाळी ११ ला ठेवा, तेव्हा पाणी नसतं आणि बहुतेकांना सुट्टी असते. हजेरीची वही आणा, ठेवीच्या पावत्या आणा, हॉलची किल्ली आणा. नाही आणली तर आपण गल्लीच्या तोंडाशीच बसू, खुर्च्या माझ्या घरून येतील. महिना पुढच्या १४ तारखेला संपतो.

तुमची बालवाडीची बाई,
तळमजला, खोली क्रमांक सहा